राघोबाचे नवे बिऱ्हाड

आमच्या घरात बारा वर्षे एक गुन्हा सुखाने नांदत होता. त्याला आम्ही रोज सकाळी भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि एक हिरवी मिरची घालत होतो, दुपारी पेरूची फोड देत होतो आणि रात्री त्याच्या पिंजऱ्यावर वडिलांच्या जुन्या धोतराचे पांघरूण टाकत होतो. गुन्ह्याचे नाव राघोबा.

तो आमच्याकडे आला २०११ च्या फेब्रुवारीत. वडील जाऊन नुकतेच वर्ष झाले होते. मी कचेरीत, सौ. तिच्या शाळेत, चिरंजीव कॉलेजात. दुपारभर घरात आई एकटी. दुसऱ्या शनिवारची सुट्टी होती. गल्लीत एक माणूस फडक्याने झाकलेली पाटी घेऊन आला. पाटीत पोपटाची पाच-सहा पिल्ले. अंगावर धड पिसेही नाहीत, नुसत्या हिरव्या खुंट्या. गुडघ्यांपायी वर्षभर जिना न उतरलेली माझी आई भराभर खाली उतरली आणि त्यांतले एक पिल्लू पदरात घेऊन वर आली. दीडशे रुपये मीच मोजले. सार्वजनिक बांधकाम खात्यातल्या सबंध नोकरीत मी ठेकेदाराला घमेलेभर वाळूदेखील जास्त मोजू दिली नाही. पण त्या माणसाला ‘हे कुठून आणलेस?’ एवढा साधा प्रश्न विचारायचे काही मला सुचले नाही.

वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ सालचा, म्हणजे मी नोकरीला लागलो त्याच्याही आधीचा. १९९०-९१ पासून तर भारतीय पक्ष्यांचा सगळाच व्यापार बंद आहे. दुकानांतून दिसतात ते रंगीबेरंगी विलायती पक्षी वेगळे. आपला हिरवा पोपट विकता येत नाही, विकत घेता येत नाही आणि घरात बाळगताही येत नाही. हे मला त्या वेळी माहीत नव्हते, असे मी आजवर सगळ्यांना सांगत आलो आहे. आता दिवाळीच्या तोंडावर खरे सांगून टाकतो. कुठेतरी वाचले होते. पण वर्षभर न हसलेली आई पिल्लाला बोटाने डाळीचा लगदा भरवताना हसत होती, आणि असल्या वेळी कायद्याचे कलम कुणाला आठवते?

राघोबा पहिल्यांदा ‘विठू विठू’ शिकला. मग कुकरची शिट्टी शिकला. ती इतकी हुबेहूब, की सौभाग्यवती दोनदा भात कच्चा उतरवून बसली. माझा सकाळचा खोकला त्याने उचलला. आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी, दाराची बेल वाजली की आई आतून ज्या सुरात ओरडायची, त्याच सुरात तो ओरडू लागला, “अरे, कोण आलंय बघ!” पुढे पुढे बेल वाजली की दोघेही एकदम ओरडत, आणि कोण कुठले हे आम्हालाही कळत नसे.

२०१९ च्या श्रावणात आई गेली. तेराव्याला साताऱ्याहून माझी मावशी आली. तिने बेल दाबली, आणि गॅलरीतून आईचा आवाज आला, “अरे, कोण आलंय बघ!” मावशी तिथेच पायरीवर बसली. सौ. पदराला हात पुसत स्वयंपाकघरात निघून गेली. त्या दिवशी त्या गोष्टीबद्दल कुणी कुणाशी बोलले नाही. मात्र त्यानंतर राघोबाची डाळ भिजत घालायला आमच्या घरात कुणीही कधी विसरले नाही.

आता संक्रांतीची गोष्ट. २०२३ च्या जानेवारीत आमच्या इमारतीच्या आवारातल्या आंब्यावर मांजात अडकलेला एक रानपोपट लोंबकळताना दिसला. वरच्या मजल्यावरच्या वकिलांनी वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन केला. तासाभरात पाठीला पिशवी अडकवलेला एक विशीतला मुलगा आला. त्याने सफाईने पोपट सोडवला, फडक्यात गुंडाळला आणि हात धुवायला म्हणून नेमका आमच्याकडे आला.

तो जिना चढतो आहे हे कळताच मी राघोबाचा पिंजरा उचलून न्हाणीघरात ठेवला आणि बाहेरून कडी घातली. पासष्टी ओलांडलेल्या माणसाच्या छातीत कसे धडधडते, ते ज्याचे त्यालाच ठाऊक! मुलाने बेल दाबली. न्हाणीघरातून खणखणीत आवाज आला, “अरे, कोण आलंय बघ!”

“आजी आहेत का आत?” मुलाने आदराने विचारले.

जन्मात खोटे न बोललेला मी म्हणालो, “हो. जरा आंघोळीला गेल्यात.”

आणि तेवढ्यात न्हाणीघरातून कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या.

मुलगा हसला नाही, हे त्याचे सौजन्य. त्याने हात धुतले, पाणी प्यायले, आणि जाताना जिन्यात म्हणाला, “काका, भिऊ नका. सगळेच लपवतात. एकदा आमच्याकडे येऊन बघून जा. आजींना नाही आणलंत तरी चालेल.”

मी गेलो ते निम्मे भीतीने आणि निम्मे लाजेने. पुण्याच्या पश्चिमेला, टेकडीच्या पायथ्याशी, वनखात्याच्या परवानगीने चालणारे ते जखमी पशुपक्ष्यांचे केंद्र. एका खोलीत लहान लहान पिंजऱ्यांतून एकेचाळीस पोपट होते. बाजारातल्या छाप्यात पकडलेले, मांजाने कापलेले, आणि माझ्यासारख्या सद्गृहस्थांनी बदलीच्या किंवा परदेशगमनाच्या वेळी आणून दिलेले. बहुतेक आपले नेहमीचे राघू. खांद्यावर लाल ठिपका असलेले थोराड पहाडी पोपट चार. जांभळट डोक्याचे टुइया दोन. एक होता फुटपाथवरच्या ज्योतिष्याचा. पाकिटातून भविष्य काढून द्यायची त्याला इतकी सवय, की समोर कागद दिसला रे दिसला, की तो चोचीने ओढून तुमच्या हातात द्यायचा. माझ्या खिशातले विजेचे बिल त्याने मला अत्यंत गांभीर्याने काढून दिले. भविष्य म्हणून ते चुकीचे नव्हते.

तिथली डॉक्टरीण माझ्या सुनेच्या वयाची. तिने एका पोपटाचा पंख अलगद पंख्यासारखा उलगडून दाखवला. उडायची लांब पिसे कात्रीने सपाट कापलेली. “ही परत येतात,” ती म्हणाली. “वर्षातून एकदा पिसं झडतात, तेव्हा खुंट गळून नवीन पीस येतं. पण हा बघा. याची पिसं कापली नाहीत, उपटलीत. पुन्हा पुन्हा उपटली की मूळच मरतं. हा आता कधीच उडणार नाही.” मग माझ्याकडे न बघता तिने विचारले, “तुमचा उडतो?”

“आम्ही त्याचे पंख कधी कापले नाहीत,” मी जरा ताठ मानेनेच सांगितले.

“बारा वर्षांत कधी उडलाय?”

राघोबाचा पिंजरा लांबीने दोन फूट, रुंदीने दीड. शेपटी सोडली तर पक्षी वीतभर. शेपटी धरून चांगला हातभर. पंख पसरले की दोन्हीकडे गज लागत. ज्याला उडायला जागाच दिली नाही, त्याचे पंख कापण्याची तसदी आम्ही कशाला घेऊ? उडण्याचा सगळा जोर छातीच्या स्नायूंत असतो आणि वापरले नाहीत तर ते झिजतात, हे तिने पुढे सांगितले. वर नुसत्या डाळीवर आणि दाण्यांवर पोपट जगतो, पण धडधाकट राहत नाही. त्याला भोपळा, गाजर, शेवग्याचा पाला, कोवळी कणसे असे सगळे लागते. मिरचीने त्याची जीभ सुटते हा आमचा घरगुती सिद्धांतही तिने निकालात काढला. मिरची पक्ष्यांना मुळी तिखट लागतच नाही! मी बारा वर्षे बहाद्दर, बहाद्दर म्हणून त्याचे कौतुक करत होतो.

केंद्राकडे मागे मोकळी जागा होती. बरे झालेल्या पक्ष्यांना सोडण्यापूर्वी उडण्याचा सराव व्हावा आणि ज्यांना सोडताच येणार नाही त्यांना उरलेले आयुष्य निदान पंख पसरून काढता यावे, म्हणून तिथे एक मोठा पिंजरा हवा होता. ती मंडळी त्याला ‘एव्हिअरी’ म्हणत. मी पिंजराच म्हणतो. नाव मोठे केले म्हणून जाळी काही नाहीशी होत नाही. तर तो बांधणार कोण, असा प्रश्न होता. मी ऐकले आणि माझ्या तोंडून निघून गेले, “मी बांधून देतो.”

घरी येऊन हे सांगितले. सौ. भाजी निवडत होती. “दुसऱ्यांच्या पोपटांना वाडा बांधताय,” ती म्हणाली. “आणि आपल्याचं काय?”

“बघू,” मी म्हणालो. हे ‘बघू’ पुढे आठ महिने चालले.

पहिला नकाशा मी मोठ्या हौसेने काढला. वीस फूट चौरस, वीस फूट उंच, वर मेघडंबरीसारखा घुमट. डॉक्टरीणबाईंनी तो नीट पाहिला. “काका, देऊळ सुंदर आहे. पण यात पोपट उडणार कुठे?” पोपट हेलिकॉप्टरसारखा वर चढत नाही, तो बाणासारखा आडवा सुटतो. त्याला लांबी द्यायला हवी, उंची बेताची चालते. मी घुमट पुसला. (खरे तर मला तो पुसायचाच नव्हता, ज्योतिष्याच्या पोपटाने कागद ओढून फाडला म्हणून नवा काढावा लागला.) अखेर साठ फूट लांब, सोळा फूट रुंद, बारा फूट उंच असे ठरले. आत मध्येच जाळीचा एक आडपडदा, म्हणजे परत जाणारे पक्षी एकीकडे आणि कायमचे रहिवासी दुसरीकडे. जाणाऱ्यांना चाळीस फूट, राहणाऱ्यांना वीस. दाराला दुहेरी व्यवस्था: पहिले दार लावल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही, मध्ये माणूस मावेल एवढी खोली. बँकेच्या तिजोरीला असते तशी. इथे मात्र ठेव पळून जाणारी होती.

जाळी आणायला मी बोहरी आळीत गेलो. अर्ध्या इंचाची चौकोनी वेल्डमेश. त्याहून मोठे भोक ठेवले तर उंदीर आणि साप आत येतात, मांजर पंजा घालते. गंजू नये म्हणून जाळीला जस्ताचा मुलामा दिलेला असतो. मला वाटले, झाले काम. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नाही झाले. पोपट चोचीने चालतो. जाळी धरून चढताना तो तिला कुरतडतो, चाटतो. नव्या जाळीवर जस्ताचे बारीक गोळे आणि पूड राहिलेली असते. ती पोटात गेली की विषबाधा होऊन पक्षी मरतो. स्टेनलेस स्टीलची जाळी सर्वांत उत्तम, पण तिचा भाव ऐकून मी दुकानदाराला पाणी मागितले. दुसरा उपाय म्हणजे प्रत्येक तुकडा व्हिनेगर लावून ताठ ब्रशाने घासायचा, धुवायचा आणि उन्हापावसात मुरू द्यायचा. कोपऱ्यावरच्या वाण्याकडून मी व्हिनेगरच्या बाटल्या नेऊ लागलो. तिसऱ्या खोक्याला त्याने विचारले, “काका, लोणच्याचा कारखाना काढलाय का?” सबंध एप्रिल महिना मी, तो संक्रांतीचा मुलगा आणि त्याचे दोन मित्र जाळी घासत होतो. माझ्या अंगाला चायनीजच्या गाडीचा वास येतो, असे सौ. म्हणे.

त्याच एप्रिलमधली एक संध्याकाळ मात्र मला विसरता येत नाही. आम्ही घासणे आटोपून निघालो होतो, तेवढ्यात वनखात्याची गाडी आली. मागे आंब्याची एक लाकडी पेटी. पेटीत आंबे नव्हते. पोपटांची पिल्ले एकमेकांवर रचल्यासारखी कोंबलेली होती. पोपट झाडाच्या ढोलीत घरटे करतो आणि उन्हाळा संपण्याच्या आत पिल्ले बाहेर पडतात. चोर नेमके त्याच दिवसांत ढोल्यांत हात घालतात, हात जात नसेल तर ढोली फोडतात. बाणभट्टाच्या ‘कादंबरी’त गोष्ट सांगणारा वैशंपायन नावाचा पोपट आहे. तो आपले बालपण सांगतो, ते हेच: म्हातारा शबर शाल्मलीच्या झाडावर चढला, ढोल्यांतली पिल्ले ओढून काढून मारून खाली टाकू लागला, आणि वैशंपायनाच्या बापाने त्याला पंखाखाली झाकले. सातव्या शतकातला हा मजकूर. कॉलेजात आम्ही तो समास सोडवण्यासाठी वाचला होता.

ती पिल्ले मोजली, तेव्हा सव्वीस भरली. दर दोन-तीन तासांनी एकेकाला कोमट लापशी सिरिंजने भरवायची होती. त्या रात्री मी घरी गेलो नाही. हातात धरलेले पिल्लू मुठीएवढे, ऊन ऊन, आणि पिसांच्या जागी हिरव्या खुंट्या. सकाळपर्यंत त्यांतली नऊ गेली. पाटीवाल्याने आमच्या गल्लीत पोहोचेपर्यंत किती टाकून दिली असतील, याचा हिशेब मी २०११ मध्ये केला नव्हता. दीडशे रुपयांत तो सगळा खर्च धरलेला होता.

सकाळी घरी आलो तर राघोबा माझाच खोकला खोकून दाखवत होता. मी त्याच्याशी बोललो नाही.

बांधकामाची बाकीची हकिगत सांगत बसत नाही. दोन चुका मात्र कबूल केल्या पाहिजेत. पक्ष्यांना बसायला मी सागवानी दांड्या रंधून, पॉलिश करून, एकसारख्या जाडीच्या करवून घेतल्या. मिस्त्रीने त्यांवर जीव ओतला होता. डॉक्टरीणबाईंनी सगळ्या परत पाठवल्या. एकाच जाडीच्या गुळगुळीत दांडीवर वर्षानुवर्षे बसले की तळव्यांना फोड येऊन ते पिकतात. तिथे पेरू, बाभूळ, कडुलिंब, जांभूळ यांच्या वाकड्यातिकड्या, सालीसकट फांद्या हव्या होत्या. (त्या दांड्यांवर सध्या आमच्या घरचे पडदे लोंबतात.) दुसरी चूक अधिक लाजिरवाणी. जन्मभर रस्त्यांना आणि गटारांना उतार देत आलेल्या या ओव्हरसियरने पिंजऱ्याच्या जमिनीला उतार दिला नव्हता. जूनच्या पहिल्या पावसात आत तळे साचले, आणि पाणी काढायला म्हणून मी घाईने जो पाइप बसवला, त्यातून तिसऱ्या दिवशी उंदीर आत आले. पक्षी अजून सोडलेले नव्हते, हे नशीब. पाइपाच्या तोंडाला जाळी आली, जमीन पुन्हा केली आणि भिंतीच्या कडेने दोन फूट खोल चर खणून त्यात काँक्रीट भरले. खर्चाचा एकूण आकडा मी घरात सांगितला नाही. सौ.ने विचारलाही नाही, यावरून तो तिला ठाऊक असावा.

गणपती उठले आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पहिले अठरा पोपट लांबच्या भागात सोडले. आम्ही सगळे बाहेर श्वास रोखून उभे. आता भरारी घेतील, मग घेतील! एकही उडाला नाही. सगळे जाळी धरून, चोच आणि पाय लावत एका कोपऱ्यात चढले आणि तिथे दाटीवाटीने चिकटून बसले. साठ फुटांचा वाडा, आणि मंडळींनी दोन फुटांची जागा शोधून काढली. मला रडू येईल की काय असे झाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “काका, घाई करू नका. त्यांना जागा म्हणजे काय ते कळू दे.” तिसऱ्या दिवशी सकाळी, कुठल्याशा कावळ्याच्या ओरडण्याने दचकून, एक मादी सुटली. चाळीस फूट सरळ. दुसऱ्या टोकाला तिला थांबता येईना. ती जाळीवर आदळली, सावरली, वळली आणि परत आली. मग दुसरा. मग चौघे एकदम. दुपारपर्यंत आत नुसता कल्लोळ माजला होता. चहा घेऊन आलेला पोरगा कप हातात धरून तसाच उभा राहिला, आणि चहा निवून गेला.

त्या रात्री जेवताना सौ. म्हणाली, “दसऱ्याला न्यायचं का आपण राघोबाला?”

मी ‘बघू’ म्हटले नाही.

२४ ऑक्टोबर, दसरा. तिने पिंजऱ्याला आपट्याचे पान लावले, मांडीवर पिंजरा घेऊन रिक्षात बसली. सबंध रस्ताभर राघोबा ‘विठू विठू’ करत होता आणि रिक्षावाला आरशातून बघत होता. केंद्रात मी रीतसर अर्ज लिहून दिला. ‘सदर पक्षी मी स्वखुशीने’ इथे लेखणी जरा अडली. डॉक्टरीणबाईंनी राघोबाला तपासले. वजन केले, चोच पाहिली, छातीचे हाड चाचपले. मग मान वर करून म्हणाल्या, “काका, हा राघू नाही.”

नराच्या गळ्याला तिसऱ्या वर्षाच्या सुमारास काळी-गुलाबी कंठी येते. आमच्या राघोबाला ती आली नव्हती, आणि आई म्हणायची, हा ब्रह्मचारी आहे म्हणून येत नसेल. बारा वर्षे आम्ही एका बाईमाणसाला राघोबा, राघोबा म्हणून हाका मारत होतो!

“आईंना कळलं असेल,” सौ. हळूच म्हणाली. “त्या दुपारी तिला ‘बयो’ म्हणायच्या.” हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हते.

तरी मी अजून ‘तो’च म्हणतो. जिभेला सवय झाली आहे.

नव्या पक्ष्याला महिनाभर तरी वेगळे ठेवावे लागते, कारण पोपटांचे काही रोग सगळ्या थव्यात पसरतात आणि वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून माणसालाही न्यूमोनियासारखा आजार होतो. करोनाने आपल्याला विलगीकरण शिकवलेच आहे. त्यामुळे १२ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन आले, तेव्हा राघोबा अजून वेगळ्या खोलीतच होता. पूजा आटोपून मी चपला घालू लागलो. “कुठे?” सौ.ने विचारले. फटाक्यांनी पोपट रात्री घाबरतात, अंधारात सैरावैरा उडतात आणि जाळीवर आपटून मान मोडून घेतात, हे मी तिला सांगितले. तिने शाल घेतली आणि फराळाचा डबा घेतला.

आम्ही पिंजऱ्याला तिन्ही बाजूंनी हिरवे कापड बांधले होते आणि आत एक मंद दिवा ठेवला होता, उडालाच कुणी तर त्याला फांदी दिसावी म्हणून. खाली वस्तीत दहानंतरही फटाके चालू होते. एक सुतळी बॉम्ब अगदी कुंपणाशी फुटला आणि आतले सगळे पक्षी एकाच वेळी उडाले. तो आवाज मला सांगता येणार नाही. जाळी थडथडत होती. दिव्याच्या उजेडात एकेक जण परत फांदीवर येऊन बसू लागला. दोघांच्या चोचीला लागले होते, जीव कुणाचा गेला नाही. मुले टॉर्च घेऊन धावत होती. आणि मग शांत झाल्यावर, पलीकडच्या बंद खोलीतून आवाज आला, “अरे, कोण आलंय बघ!”

सौ. उठून त्या खोलीच्या दाराशी गेली. आत जायची परवानगी नव्हती. ती दाराला तोंड लावून म्हणाली, “आम्हीच आहोत हो. झोपा आता.” माझ्या आईशी ती नेहमी याच सुरात बोलायची. रात्री एक वाजता आम्ही तिथेच ओट्यावर बसून चकल्या खाल्ल्या.

डिसेंबरात राघोबा कायमच्या रहिवाशांत गेला. त्याला बाहेर सोडता येणार नाही, हे आधीच ठरले होते. माणूस दिसला की तो पळत नाही, जवळ येतो; असा पोपट बाहेर दोन दिवसही टिकायचा नाही. सौ.ला वाटले, निदान एखादी लाकडी ढोली बसवावी, संसार होईल. डॉक्टरीणबाईंनी नाही म्हटले. पिंजऱ्यात नवी पिढी वाढवायची नाही. दुसऱ्या भागातले जे उडायला पक्के झाले आणि माणसाला बघून दूर जाऊ लागले, त्यांच्यासाठी २०२४ च्या जानेवारीत, मांजाचे दिवस उलटल्यावर, एका पहाटे वरच्या बाजूची खिडकी उघडली. समोरच्या पिंपळावर रानपोपटांचा थवा रोज येत होताच. पहिल्या दिवशी चौघे गेले. दोघे संध्याकाळी बाहेरच्या फळीवर ठेवलेले पेरू खायला परत आले, तिसऱ्या दिवसापासून तेही आले नाहीत. आठवड्यात एकूण अकरा गेले. बारावी एक मादी खिडकीत येऊन बसली, बाहेर बघितले, आणि आत परतली. ती अजून तिथेच आहे.

राघोबा उडतो का? वीस फुटांपैकी आठ-दहा फूट. फांदीवरून फांदीवर, मध्ये थोडे धापा टाकत. उपटलेल्या पंखांचा एक कंठीवाला नर आहे, तो त्याच्या शेजारी बसतो आणि मानेची पिसे विंचरतो. पहिल्या वर्षी मी गेलो की राघोबा जाळीशी यायचा, खोकून दाखवायचा. मग येणे कमी झाले. तिथे बेल नाही, कुकर नाही. तिथे सगळे पोपटी भाषा बोलतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे चांगले लक्षण आहे.

२०२५ च्या श्रावणात आईच्या तिथीला आम्ही दोघे गेलो. भोपळ्याच्या फोडी नेल्या होत्या. मी जाळीशी उभा राहून ‘विठू विठू’ केले, खोकलो, शेवटी कुणी पाहत नाही असे बघून “अरे, कोण आलंय बघ!” असे आईच्या सुरात ओरडूनही पाहिले. राघोबाने मान वाकडी करून एका डोळ्याने माझ्याकडे पाहिले. मग तो वळला आणि इतर पोपटांसारखाच कर्कश ओरडत पलीकडच्या फांदीवर उडून गेला.

चिरंजीव बंगळुरूला असतात. त्यांनी फोनवर विचारले, “बाबा, तो आवाज कुणी रेकॉर्ड करून ठेवला होता का?” एक आहे. सौ.च्या मोबाइलमध्ये, अर्ध्या मिनिटाचा. पण त्यात मागे मिक्सर चालू आहे आणि नीट काही ऐकू येत नाही.

गॅलरीतला खिळा तसाच आहे. बेल वाजली की अजून आम्ही दोघेही क्षणभर थांबतो. मग ती उठते आणि कोण आले आहे ते बघते.